यंत्र मंदावते तेव्हा

(आगरदांडा येथील अभ्यासिकेत विद्यार्थी व पालकांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय संगणकाचा आहे आणि बोलणारा कला शाखेचा पदवीधर, पेशाने बँकेतला लिपिक. तेव्हा येथे बसलेल्या विज्ञान शाखेच्या मुलांनी आमचे काही चुकले तर सांभाळून घ्यावे. हा विषय आम्ही पुस्तकातून निवडलेला नाही. आपल्याच अभ्यासिकेत जे घडले, त्यातून तो पुढे आला. त्या घटनेत एक चूक आमची स्वतःची होती. ती आपल्या सर्वांसमोर सांगावी, म्हणजे निदान पुढच्या मुलांना तिचा उपयोग होईल, एवढाच आमचा हेतू आहे.

सहा संगणकांची गोष्ट

आपल्या अभ्यासिकेला एका हितचिंतकाने सहा जुने संगणक भेट दिले, हे आपणास ठाऊक आहेच. सहाही एकाच बनावटीचे, एकाच वयाचे. त्यांत लिनक्स ही कार्यप्रणाली आधीपासूनच घातलेली होती. स्पर्धा परीक्षांचा सराव, मराठी टंकलेखन, अर्ज भरणे अशी कामे त्यांवर सुरू झाली. तीन-चार महिने सारे ठीक चालले.

पुढे आपल्यातल्याच एका विद्यार्थिनीने त्यांत मराठी कळफलक नीट बसवला आणि त्याच दिवशी सर्व आज्ञावली अद्ययावत केल्या. तिचे नाव घेत नाही, तिनेच तसे सांगितले आहे. दुसऱ्या दिवसापासून तक्रारी सुरू झाल्या. संगणक सुरू व्हायला वेळ लागू लागला. फाइल उघडेपर्यंत मुले खिडकीतून खाडी पाहत बसत. परीक्षा तोंडावर आलेली. मुले चिडली, पालक विचारू लागले.

मग उपाय सुरू झाले. कोणी म्हणाले, ही खाडीकाठची खारी हवा, इथे लोखंडी गजही टिकत नाहीत, तिथे संगणक काय टिकणार? झाकणे उघडून धूळ झटकली. कोणी म्हणाले, विजेचा दाब कमी-जास्त होतो. म्हणून स्टॅबिलायझर बदलला. कोणी म्हणाले, व्हायरस असेल. एका संगणकात वर्गणी काढून जादा मेमरी घातली. फरक शून्य. अखेर कार्यकारिणीची बैठक झाली. त्यात दोन गोष्टी ठरल्या. एक, संगणक निकामी झाले असून ते भंगारात द्यावेत. दोन, यापुढे त्या मुलीने यंत्रांना हात लावू नये, कारण तिने हात लावल्यानंतरच ती बिघडली. त्या ठरावाखाली आमचीही सही आहे. आणि तिला तो निर्णय सांगण्याचे काम आम्हीच केले. ती काही बोलली नाही. पुढचे आठ दिवस ती अभ्यासिकेत आली नाही.

आता एक गोष्ट आम्हा मोठ्यांपैकी कोणाच्याच लक्षात आली नव्हती. मुले सकाळी दार उघडताच कोपऱ्यातल्या सहाव्या संगणकाकडे धावत. तो मंदावला नव्हता! हवा तीच, वीज तीच, वय तेच. मग तोच एक का बरे चांगला राहिला? त्या यंत्राची नेटची खाच खराब होती, म्हणून त्या दिवशी तो अद्ययावत करता आला नव्हता. हे त्या मुलीला ठाऊक होते. आम्ही तिला विचारलेच नव्हते.

नवव्या दिवशी ती आली, ती एक वही घेऊन. म्हणाली, “सर, भंगारवाला येण्याआधी मला एक तास द्या. पाहिजे तर तुम्ही शेजारी बसा, मी तुमच्यासमोरच करते.” आम्ही बसलो.

तिने काय केले

तिने मंद संगणकांपैकी एक आणि तो सहावा, असे दोनच घेतले. दोन्हींवर तेच एक काम दिले: शेकडो लहान लहान फाइली असलेला एक कप्पा दुसरीकडे उतरवून घेणे. लिनक्समध्ये ‘टाइम’ नावाची एक आज्ञा आहे. ती कोणत्याही कामापुढे लिहिली की काम संपल्यावर तीन आकडे मिळतात. पहिला, घड्याळाप्रमाणे लागलेला एकूण वेळ. दुसरा, प्रोसेसरने त्या कामाच्या स्वतःच्या आज्ञावलीसाठी घालवलेला वेळ. तिसरा, त्या कामाच्या वतीने कार्यप्रणालीच्या गाभ्यात गेलेला वेळ.

प्रत्येक मोजणी तिने तीन तीन वेळा केली आणि वहीत लिहिली. सहाव्या संगणकाला दीड मिनिट लागले, दुसऱ्याला चार मिनिटांच्या वर. पण खरी गंमत पुढे आहे. दुसरा आकडा दोन्हीकडे जवळजवळ सारखाच होता. फुगला होता तो तिसरा. मग तिने नुसत्या गणिताचे एक काम दिले, ज्यात फाइल नाही, नेट नाही, केवळ बेरीज-गुणाकार. त्याला दोन्हीकडे तेवढाच वेळ लागला.

याचा अर्थ असा की, यंत्राचा मेंदू थकलेला नव्हता. गणित तो पूर्वीइतक्याच झपाट्याने करीत होता. वेळ जात होता तो गाभ्यात. या गाभ्याला इंग्रजीत ‘कर्नल’ म्हणतात. हा लष्करातला कर्नल नव्हे बरे का. कर्नल म्हणजे बी, गर. यंत्राची मेमरी कोणत्या कामाला किती द्यायची, फाइल कशी वाचायची, एकाच वेळी चाललेल्या अनेक कामांत पाळी कशी लावायची, हे सारे तो पाहतो. लिनक्सचा हा गाभा लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहायला घेतला. आज जगभरचे हजारो लोक त्यात भर घालतात.

नंतर तिने दोन्ही गाभ्यांची नावे व क्रमांक पाहिले. ते वेगळे होते. प्रत्येक गाभा बांधताना कोणत्या सोयी चालू ठेवल्या याची यादी संगणकातच असते. ती तिने शेजारी शेजारी ठेवून वाचली. मंद यंत्राच्या यादीत ‘डिबग’ हा शब्द असलेल्या ओळींपुढे ओळीने ‘होय’ लिहिलेले होते. आम्हाला भेट मिळालेली लिनक्स ही सर्वसामान्यांसाठीची पक्की आवृत्ती नव्हती, तर चाचणीसाठी काढलेली होती. अद्ययावत करताना तिच्यात जो नवा गाभा आला, तो चुका शोधण्याची सारी साधने चालू ठेवून बांधलेला होता.

शेवटी तिने त्याच मंद संगणकावर, सुरू होताना दिसणाऱ्या यादीतून, जुना गाभा निवडला. बाकी काहीही बदलले नाही. काम दीड मिनिटात झाले. पुन्हा नवा गाभा निवडला, पुन्हा चार मिनिटे. पुन्हा जुना, पुन्हा दीड. वही आमच्यापुढे ठेवून ती म्हणाली, “आता सांगा सर, यात कळफलकाचा काय दोष?” आमच्यापाशी उत्तर नव्हते.

गाभ्यात बसलेले तपासनीस

त्यानंतर आम्हालाच गोडी लागली. ही ‘डिबगिंग’ची साधने म्हणजे नेमके काय, ते आम्ही तिच्याकडून आणि वाचून समजून घेतले. समजले ते आमच्या बँकेच्या भाषेत सांगतो.

बँकेची तिजोरी एकट्याने उघडता येत नाही. दोन किल्ल्या, दोन माणसे. आता समजा, एका कामासाठी तिजोरीची किल्ली आणि कपाटाची किल्ली अशा दोन्ही हव्यात. रोखपालाने तिजोरीची घेतली आणि कपाटाचीसाठी थांबला. लेखापालाने कपाटाची घेतली आणि तिजोरीचीसाठी थांबला. दोघेही एकमेकांकडे पाहत बसले! काम कायमचे ठप्प. संगणकाच्या गाभ्यातही अशी कुलुपे असतात आणि अशीच कोंडी होते. ती टाळायचा नियम सोपा: प्रत्येकाने किल्ल्या ठरलेल्या क्रमानेच घ्याव्यात. पण गाभ्यात हजारो कुलुपे, नियम पाळला की नाही हे पाहणार कोण? त्यासाठी इंगो मोलनार यांनी केलेले ‘लॉकडेप’ हे साधन २००६ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आले. कोणी कोणते कुलूप कोणत्या क्रमाने घेतले, याची ते नोंद ठेवते. आज प्रत्यक्ष कोंडी झाली नसली, तरी ‘या क्रमाने चालाल तर एक दिवस अडकाल’ असे ते आधीच सांगते. उपकार मोठाच. पण प्रत्येक किल्लीला नोंदवहीत सही! सेकंदाला लाखो वेळा किल्ली घ्यावी लागत असेल, तर रांग दारापर्यंत जाणारच.

दुसरा तपासनीस जागेचा. वापरून झालेली मेमरी परत आली की तिच्यात एक ठरावीक खूण भरून ठेवायची, आणि ती पुन्हा कोणाला देताना खूण शाबूत आहे का ते पाहायचे. खूण पुसलेली दिसली, तर जागा सोडल्यावरही कोणीतरी तिथे लिहीत होते, हे उघड झाले. आपण नाही का, धनादेशावर रकमेपुढे आडवी रेघ मारून मोकळी जागा बंद करतो! लिनक्समधली ही खूण कागदावर उमटवली, तर इंग्रजी ‘के’ हे अक्षर ओळीने गिरवल्यासारखे दिसते. ही रेघ मारणे आणि तपासणे, दोन्ही कामे दरवेळी करावी लागतात.

तिसरा ‘कासान’. हा लिनक्सच्या गाभ्यात २०१५ मध्ये आला. आमच्या लहानपणी बँकेत पैसे काढायला गेले की पितळी टोकन मिळत असे, आणि कोणते टोकन कोणाकडे आहे हे रोखपालापाशी लिहिलेले असे. कासानचे काम तसेच. मेमरीच्या दर आठ घरांमागे एक घर तो नोंदीसाठी राखून ठेवतो आणि गाभ्याने कुठेही हात घालण्याआधी नोंद पाहतो: ही जागा तुझी आहे का? म्हणजे वेळही जातो आणि आठवा हिस्सा मेमरीही. दोन जीबीच्या जुन्या यंत्रात पाव जीबी नुसती नोंदवहीच!

आता सांगा, वर्षाखेरीच्या तपासणीचे पथक कायमचे काउंटरवर बसवले आणि प्रत्येक पावती त्यांनी तीनदा पाहायची ठरवले, तर ग्राहक कारकुनाला आळशी म्हणतील की नाही? कारकून तर पूर्वीपेक्षा जास्त काम करीत असतो. आमच्या पाच संगणकांचे तेच झाले होते. ते कुचकामी झाले नव्हते. सोपवलेल्या कामाशिवाय एक दुसरे मोठे काम ते मुकाट्याने करीत होते.

ही काही आमच्याच नशिबी आलेली गोष्ट नाही. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या परंपरेतून आलेली फ्रीबीएसडी नावाची एक कार्यप्रणाली आहे. तिच्या तयार होत असलेल्या शाखेत ‘विटनेस’ म्हणजे साक्षीदार या नावाचा कुलुपांचा तपासनीस आणि ‘इन्व्हेरियंट्स’ ही दुसरी तपासणी मुद्दाम चालू ठेवतात. ती वापरणारे ‘हळू चालते’ म्हणून इतके विचारतात की, सोबतच्या सूचनापत्रकात ठळक अक्षरांत लिहूनच ठेवले आहे: ही आवृत्ती मंद वाटत असेल तर तिच्यात तपासणीची साधने चालू आहेत हे ध्यानात घ्या. लोकांना द्यायची पक्की आवृत्ती काढताना ती साधने बंद करतात. लिनक्सच्या फेडोरा या प्रकारातही रॉहाइड नावाच्या चाचणी शाखेत गाभा तपासणीसह बांधण्याची प्रथा राहिली आहे, आणि तपासणीविना बांधलेला गाभा हवा असणाऱ्यांसाठी वेगळी सोय केलेली आहे. विंडोजमध्येही २००० सालच्या आवृत्तीपासून ‘ड्रायव्हर व्हेरिफायर’ आहे. निळा पडदा येऊन यंत्र बंद का पडते हे शोधण्यासाठी एखादा तो चालू करतो, दोष सापडतो, आणि तपासनीसाला घरी पाठवायचे मात्र राहून जाते! मग मालक वर्षभर यंत्राला बोल लावतो.

मग तपासणी हवीच कशाला?

येथे आम्ही दुसरी चूक करणार होतो. कारण सापडल्यावर आम्ही उत्साहाने म्हणालो, “म्हणजे ही तपासणी म्हणजे नुसता खोडा! काढून टाका सगळी.” त्या मुलीने विचारले, “सर, तुमच्या बँकेतले ऑडिट काढून टाकले तर काम लवकर होईल ना?” आम्ही गप्प झालो.

आपण खाडीकाठची माणसे. ओहोटीच्या वेळी अनोळखी पाण्यात होडी घालायची, तर एक जण पुढे नाळेवर उभा राहून बांबूने तळ चाचपत असतो. होडी रखडत चालते. पण वाळूचा उंचवटा कुठे आहे हे त्या दिवशी कळले, म्हणूनच पुढे रोजची होडी भरधाव जाऊ शकते. बांबू घेऊन उभ्या असलेल्या माणसाला कोणी आळशी म्हणत नाही. आणि वाट माहीत झाल्यावर रोज तळ चाचपत कोणी दिघीला जातही नाही.

तपासणीचे मोल सांगणारी एक घटना आहे. अमेरिकेचे मार्स पाथफाइंडर हे यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले. काही दिवसांत त्यातला संगणक मधूनच आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. दर वेळी माहिती गोळा करण्याचे काम खोळंबे. मंगळावर कोणी दुरुस्तीला जाऊ शकत नाही. पण यानाच्या आज्ञावलीत, कोणते काम केव्हा चालले, कोणते कशासाठी थांबले, याची नोंद घेणारी साधने तशीच ठेवलेली होती. जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतल्या अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या जुळ्या संगणकावर ती नोंद चालू करून तोच दोष पुन्हा घडवून आणला आणि कारण पकडले. ते असे: साहेबांना तातडीने हवी असलेली खातेवही शिपायाच्या हातात, आणि शिपायाला मधल्या कारकुनाने चहा आणायला पाठवलेले. साहेब वाट पाहत बसले. अखेर पहारेकऱ्याला वाटले, कचेरी बंद पडली. त्याने सगळेच पुन्हा सुरू केले! उपाय एवढाच की, साहेबांना हवी असलेली वही शिपायाकडे आहे तोवर त्याच्या कामाला साहेबांच्या कामाइतकाच मान द्यायचा. ती एक खूण पृथ्वीवरून बदलून पाठवली आणि यान सुरळीत झाले. नोंदीची ती साधने ‘उगाच ओझे’ म्हणून काढून टाकली असती, तर एवढ्या दुरून कारण शोधणे फार कठीण गेले असते.

तेव्हा सारी तपासणी एका मापाने मोजू नये. काही तपासणी बांधकामाच्या वेळची पराती असते. घर उभे राहिल्यावर ती काढायची. लॉकडेप, विटनेस, कासान यांची जागा बहुधा तीच. काही तपासणी अचानक येणाऱ्या निरीक्षकासारखी असते. २०२१ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात ‘केफेन्स’ आले. ते प्रत्येक जागा तपासत नाही, ठरावीक अंतराने एखादीच निवडून तिच्यावर पहारा ठेवते. भार फार कमी, म्हणून रोजच्या कामातही ते चालू ठेवता येते. आणि काही गोष्टी तपासणी नव्हेतच, त्या दाराच्या कड्या आहेत. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधला ‘मेल्टडाउन’ हा दोष जाहीर झाला. त्यापासून रक्षण करण्यासाठी गाभ्यात जे बदल केले, त्यांनी काही कामे मंदावली. ते मंदावणे समजून उमजून पत्करलेले आहे. वेग हवा म्हणून घराची कडी काढून ठेवायची नसते.

मुलांनो, निदान असे करा

उद्या तुमच्यापैकी कोणी कचेरीत, शाळेत, कारखान्यात काम कराल. यंत्र मंदावले की चार जण चार कारणे सांगतील. त्या वेळी ही वही आठवा.

एक. मंदपणा कधीपासून, हे नेमके विचारा. त्या सुमारास काय काय बदलले, त्याची पूर्ण यादी करा. आमच्याकडे दोन गोष्टी बदलल्या होत्या, कळफलक आणि गाभा. आम्ही डोळ्यांना दिसणारी तेवढी धरली.

दोन. तुलनेला जोडीदार शोधा. त्याच जातीचे चांगले चाललेले एक यंत्र, किंवा त्याच यंत्रातला जुना गाभा.

तीन. ‘फार हळू’ असे म्हणू नका. मोजा. एकदा नव्हे, तीन वेळा. आणि लिहून ठेवा.

चार. वेळ कुठे जातो ते पाहा. केवळ गणित मंद असेल तर एक कारण, गाभ्यातला वेळ वाढला असेल तर दुसरे. लिनक्समध्ये ‘पर्फ’ हे साधन प्रोसेसरचा वेळ कोणत्या नावाच्या कामात जातो ते दाखवते. तिथे कुलूप घेण्याची, खूण तपासण्याची नावेच वर दिसू लागली, तर तपासनीस घरात आहे असे समजा. मात्र काही चाचणी-आवृत्त्यांत गाभ्याबाहेरची मेमरी वाटणारी साधनेही तपासणीसह बांधलेली असतात. त्या वेळी दुसरा आकडाही फुगतो, हे ध्यानात असू द्या.

पाच. यंत्र स्वतः काय सांगते ते वाचा. सुरू होताना सरकणाऱ्या ओळी कोणी वाचत नाही. लिनक्सचे काही गाभे तर चौकट आखून सांगतात की, हा डिबगचा गाभा आहे, रोजच्या कामाला वापरू नका!

सहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि कारण सापडले असे वाटले, तर ते परत घालून दोषही परत येतो का ते पाहा. आम्ही धूळ, वीज, मेमरी सगळे एकदम बदलत सुटलो. त्यातून पैसे गेले, ज्ञान काही मिळाले नाही.

सात. कारण सापडल्यावर ते तिथे कोणी आणि का ठेवले होते, हे विचारल्याशिवाय काढू नका.

थोडासा मंदपणाही क्षुल्लक समजू नये. २०२४ सालच्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या संगणक अभियंत्याच्या लक्षात आले की, दूरच्या यंत्रात प्रवेश करायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. दुसऱ्या कोणी दुर्लक्ष केले असते. त्यांनी माग काढला, तेव्हा ‘एक्सझेड’ नावाच्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीत कोणीतरी मुद्दाम चोरदार बसवल्याचे उघड झाले. २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी ते जाहीर केले, आणि ते दार बहुतेक चाचणी-आवृत्त्यांपर्यंतच पोचलेले असतानाच बंद करता आले. आमच्या गोष्टीत मंदपणामागे तपासनीस होता, त्यांच्या गोष्टीत चोर होता. नुसत्या मंदपणावरून आत कोण आहे ते कळत नाही. आत जाऊन पाहावेच लागते.

शेवटचे

आपले सहाही संगणक आज चालू आहेत. चाचणी-आवृत्ती काढून पक्की आवृत्ती घातली, सहाव्याची खाच दुरुस्त केली. त्यांवर सराव केलेली मुले आज समोर बसली आहेत. भंगारवाल्याला आम्ही परत पाठवले, आणि कार्यकारिणीने आपला ठराव लेखी मागे घेतला. पण लेखी मागे घेतलेल्या ठरावाने आठ दिवस भरून निघत नाहीत. म्हणून आज या व्यासपीठावरून आम्ही त्या विद्यार्थिनीची माफी मागतो. तिच्याजवळ उत्तर पहिल्या दिवसापासून होते. आम्ही वयाने मोठे असल्यामुळे प्रश्न विचारायचे विसरलो.

पालकांना एक विनंती करून थांबतो. ‘मंद’ हा शब्द आपण यंत्रापेक्षा मुलांसाठीच जास्त वापरतो. वर्गात एखादे मूल उत्तराला वेळ लावते. घरात आधी कोणी शिकलेले नाही, पुस्तकातली भाषा घरच्या बोलीहून निराळी, चुकलो तर हसतील ही भीती. ते मूल प्रत्येक शब्द तीनदा तपासून बघत असते. त्याच्या डोक्यात गणित चालूच असते, वेळ तपासणीत जात असतो. त्याला भंगारात टाकण्याआधी शेजारी बसावे, एक तास द्यावा, आणि विचारावे: बाळा, तू आणखी काय काय ओझे वाहतो आहेस?